माहिती भरपूर आहे, पण कादंबरी कशासाठी?

तासगाव तालुक्यातल्या एका तरुण लेखकानं आपल्या पहिल्या कादंबरीचा खर्डा पाठवलाय. द्राक्षबागायतदाराच्या घराच्या तीन पिढ्यांची ती गोष्ट आहे. सोबतच्या पत्रात ते विचारतात, "वाचणारे सगळे म्हणतात माहिती भरपूर आहे, भाषा चांगली आहे, पण हे सगळं कशासाठी सांगतोयस ते कळत नाही. कादंबरीला स्पष्ट उद्देश कसा द्यायचा? तो आधी ठरवायचा की लिहिता लिहिता सापडतो? आणि ठरवून लिहिलं तर प्रचारकी होणार नाही का?" लेखकाच्या परवानगीनं त्यांच्या खर्ड्यातलीच उदाहरणं घेऊन हे उत्तर लिहितोय, कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही.

तुमचा खर्डा सबंध वाचला. वाचणाऱ्यांनी सांगितलं ते खरं आहे, आणि त्यातला पहिला अर्धा भागही तितकाच खरा आहे. भाषा तुमच्या हातात आहे. पहाटे बागेत फवारणीचा ब्लोअर सुरू झाला की घरातली माणसं नकळत मोठ्यानं बोलायला लागतात, हे तुम्ही अर्ध्या ओळीत लिहून पुढं गेलात. असं दिसायला नजर लागते आणि ती कुणी शिकवू शकत नाही. जे कमी पडलंय ते मात्र शिकता येतं.

'उद्देश काय' असं विचारलं की बहुतेक नवे लेखक विषय सांगतात. तुम्हीही सांगितलात: द्राक्षशेतकऱ्याचं जगणं मांडायचं आहे. पण विषयाला काठ नसतो. द्राक्षशेतकऱ्याच्या जगण्यात एप्रिलची खरड छाटणी येते, ऑक्टोबरची फळछाटणी येते, डावणी रोग येतो, टँकर येतो, लेकीचं लग्न येतं, गावच्या सहकारी सोसायटीची निवडणूक येते. यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे विषय सांगत नाही, म्हणून तुम्ही सगळंच घेतलंत. काही जण याच प्रश्नाला तात्पर्य सांगतात: शेतकऱ्यानं एकजूट करावी, कर्ज काढू नये, मुलांनी बापाची कदर करावी. हे सगळं एका परिच्छेदात सांगून होतं. त्यासाठी वाचकाकडून दोनशे पानांचा वेळ मागणं बरोबर नाही.

उद्देशाच्या वाक्यात मी तीन गोष्टी शोधतो. एक माणूस, त्याला पडलेला पेच, आणि त्या पेचाकडे वाचकानं कुठं उभं राहून बघावं ती जागा. पहिल्या दोन बहुतेकांना सुचतात. तिसरी राहून जाते आणि खरं काम तीच करते. एकच पेच बापाच्या शेजारी उभं राहून बघितला तर एक कादंबरी होते, लेकीच्या शेजारून बघितला तर दुसरी होते.

आता तुमचा खर्डा. तुमचा उद्देश त्यात आहे, पण तुम्ही तो पुरून ठेवलाय. कादंबरीच्या साधारण मध्यावर मार्चअखेरचा एक परिच्छेद आहे. सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर भरायचं आणि नव्या हंगामासाठी लगेच परत उचलायचं, याला आपल्याकडं नवं-जुनं करणं म्हणतात. हातात रोकड नसली की चार-आठ दिवसांसाठी कुणाकडून तरी घ्यायची, सोसायटीत भरायची, नवं कर्ज पडलं की ज्याचं त्याला देऊन टाकायचं. गावोगाव हे चालतं, त्यात कुणाला काही वाटत नाही. घरातला बाप, तुमचे आण्णा, बेदाण्याच्या अडत्याकडून म्हणजे बाजारातल्या दलालाकडून अशी रक्कम उचलतात. सोसायटीत भरतात. आणि त्या वर्षी काही कारणानं नवं कर्ज लांबतं. अडत्याचे पैसे अंगावर राहतात. तिथं तुम्ही लिहिलंय, "आण्णांनी ही गोष्ट घरात कुणाला सांगितली नाही." आणि पुढच्याच ओळीत कुठलं औषध किती लिटर पाण्यात टाकायचं ते सुरू होतं.

लिहिणारा माणूस जिथं घाईनं पुढं निघून जातो तिथं बहुधा त्याच्या मनातली गोष्ट असते. कारण ती लिहायला अवघड असते. औषधाचं प्रमाण लिहायला अवघड नाही. बाप घरात येतो, जेवायला बसतो, लेक विचारतो 'झालं का सोसायटीचं?' आणि बाप म्हणतो 'झालं', हे लिहायला फार अवघड आहे. तुम्ही तो प्रसंग लिहिलेलाच नाही. माझ्या मते तुमची कादंबरी त्या एका 'झालं'मधून सुरू होते.

मग उद्देशाचं वाक्य काहीसं असं होईल: घराची अब्रू राखायला लपवलेलं कर्ज घरातल्या माणसांना एकमेकांपासून कसं तोडत जातं, हे वाचकाला आण्णांवर माया ठेवूनच बघायला लावायचं. हे वाक्य माझं आहे, तुम्ही तुमचं करा. पण 'माया ठेवूनच' हे शब्द काढलेत तर कादंबरी पार बदलेल. आण्णा मग एक हेकट, खोटं बोलणारा म्हातारा होतो आणि वाचक लेकाच्या, विनूच्या, बाजूनं न्यायनिवाडा करत बसतो. ते लिहायचं असेल तर जरूर लिहा. फक्त दोन्ही एकदम लिहायला जाऊ नका. सध्या खर्ड्यात तेच झालंय. काही प्रकरणांत आण्णा आपले वाटतात, काही प्रकरणांत लेखकच त्यांच्यावर चिडलेला दिसतो.

आधी की नंतर, हा तुमचा दुसरा प्रश्न. पहिला खर्डा लिहिताना उद्देश डोक्यात नसला तरी चालतं, कित्येकदा तो नसलेलाच बरा. तेव्हा हात मोकळा सोडावा, आठवेल ते येऊ द्यावं. पण दुसऱ्या खर्ड्याला हात घालण्याआधी तो कागदावर आलाच पाहिजे, आणि तोसुद्धा एका वाक्यात. मनात आहे म्हणून भागत नाही. मनातला उद्देश लवचिक असतो, ज्या प्रकरणाचा मोह सुटत नाही त्याच्याकडे तो हळूच वाकतो. कागदावरचं वाक्य वाकत नाही. लिहिता लिहिता ते चुकीचं आहे असं लक्षात आलं तर खोडून नवं लिहा, त्यात काही कमीपणा नाही. पण दर वेळी एकच वाक्य समोर असू द्या.

ते समोर ठेवून तुमची प्रकरणं बघू.

तास-ए-गणेशचं प्रकरण. ही द्राक्षाची जात थॉमसन सीडलेस या जातीतून निवडीनं आली, तीही आपल्या तासगावच्या मातीत, आणि तुम्हाला त्याचा अभिमान आहे. तो असायलाच हवा. प्रकरण वाचनीय आहे, माहिती नेमकी आहे, आणि कादंबरीत त्याला जागा नाही. आज नाही. कारण ते काढून टाकलं तर आण्णा, विनू, आई यांच्यापैकी कुणाचंही काहीही बदलत नाही. आता हेच प्रकरण असं बघा: ती वेलं तात्यांनी, म्हणजे आण्णांच्या वडिलांनी, लावलेली आहेत. बाग म्हातारी झालीय, उतारा कमी झालाय, काढून टाकली पाहिजे हे आण्णांनाही कळतं. पण बाग मोडली की नवीन लागणीला पैसा लागतो आणि तो पैसा कुठून आणायचा हे घरात बोलावं लागतं. म्हणून आण्णा 'तात्यांच्या हातची बाग हाय, मोडायची न्हाई' म्हणतात. विनूला वाटतं बाप भावनेत अडकलाय. वाचकाला माहीत असतं, बाप कर्ज लपवतोय. इथं वेलीची जात, तिचं वय, तिचा इतिहास सगळं येऊ शकतं, पण ते आता आण्णांच्या तोंडची सबब म्हणून येतं. माहिती तीच राहिली, कामाला लागली.

१९७२च्या दुष्काळाचं पहिलं प्रकरण असंच आहे. तात्या खडी फोडायला जातात, सुकडीची पाकिटं येतात, जनावरं सुटतात. ते पहिल्यांदा नको. वाचकाला अजून कुणाची काळजी लागलेली नाही, त्याला दुष्काळ परका वाटतो. पण त्यात एक वाक्य तुम्ही तात्यांच्या तोंडी घातलंय: "कुणाचा पैसा अंगावर ठिवून मी निजलो न्हाई." हे वाक्य फार मोलाचं आहे. आण्णा कर्ज लपवतात ते सोसायटीच्या भीतीनं नाही, ते मेलेल्या बापाच्या या वाक्याला भितात. तेव्हा १९७२ ठेवा, पण मागं ढकला. आण्णा रात्री झोपत नाहीत तिथं आणा, आणि चौदा पानांचं दीड पान करा.

पुराचं प्रकरण. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षावर लिहिणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येकाला पूर घालावासा वाटतो आणि मी ते समजू शकतो, तो आपल्या सगळ्यांच्या अंगावरून गेलाय. पण तुमचं घर तासगावकडं उंचावर. त्या प्रकरणात विनू टीव्हीवर पूर बघतो, मित्रांबरोबर मदतीला जातो, परत येतो. प्रकरण संपलं. नाटकाच्या तालमीत दिग्दर्शक नटाला विचारतो, 'तू आत्ता आत का आलास?' विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तेव्हापासून या गावानं नाटक बघितलंय, इथल्या हौशी मंडळाच्या तालमीतसुद्धा हा प्रश्न विचारल्यावाचून राहत नाहीत. तोच प्रश्न पुराला विचारा. हा कादंबरीत आत्ता का आला?

त्याला यायला कारण देता येतं. मार्च-एप्रिलचा बेदाणा आण्णांनी सगळा विकला नाही. दिवाळीच्या सुमाराला दर वाढेल, त्यातून अडत्याचं भागवू, म्हणून थोडा माल सांगलीत नदीकडच्या एका ओळखीच्या गोदामात ठेवलाय. घरात सांगितलंय, माल गेला. आता पाणी चढायला लागतं. टीव्हीवर गावभाग, पेठा पाण्याखाली जाताना सगळं घर बघतंय आणि आण्णा उठून बाहेर जातात, परत येतात, परत बाहेर जातात. विनू मदतीला निघतो तेव्हा आण्णा म्हणतात 'मी बी येतो', आणि विनूला वाटतं बापाला पूरग्रस्तांची कणव आली. भिजलेल्या मालाबद्दल ते कुणापाशी रडूही शकत नाहीत, कारण तो तिथं होता हेच कुणाला माहीत नाही. तुम्ही लिहिलेल्या पुराच्या वर्णनातलं निम्म्याहून जास्त जसंच्या तसं ठेवता येईल.

उद्देश स्पष्ट झाला म्हणजे कादंबरी आकसते अशी भीती असते. बहुतेक वेळा प्रकरणं तीच राहतात, त्यांच्यातलं नातं बदलतं.

आता एक प्रसंग ओळीओळीनं घेऊ, कारण हे सगळं शेवटी ओळीतच उतरावं लागतं. बेदाण्याच्या सौद्याचा प्रसंग तुम्ही असा लिहिलाय:

"मार्केट यार्डात बेदाण्याचे सौदे चालू होते. खरेदीदार बॉक्स फोडून माल हातात घेऊन बघत होते. बघताना बराच माल खाली उधळला जात होता. या उधळणीचा भुर्दंड शेतकऱ्यालाच बसतो, वर तूट धरली जाते ती वेगळीच. आण्णांना फार वाईट वाटलं. व्यवस्थाच अशी होती की शेतकऱ्यानं कुठं दाद मागावी?"

यात खोटं काही नाही. उधळणीवरून आणि वजनात धरल्या जाणाऱ्या तुटीवरून शेतकऱ्यांनी आवाज उठवलाय, तुमचा राग रास्त आहे. पण हा राग तुमचा आहे. प्रसंगातल्या कुणी तो कमावलेला नाही. शेवटचं वाक्य उचलून उद्याच्या पेपरात छापलं तर तिथं ते जास्त शोभेल. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं, प्रचारकीपणाचं, निम्मं उत्तर इथंच आहे. जे वाक्य कादंबरीतून काढून जसंच्या तसं लेखात टाकता येतं ते कादंबरीत थांबू नये.

उद्देश समोर ठेवून हाच प्रसंग कसा होऊ शकतो, ते लिहून दाखवतो. हा नमुना आहे, उतरवून घेऊ नका, तुमची माणसं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

"बॉक्स फुटला. चौघांनी चार मुठी भरल्या, उजेडाकडं धरल्या, दोन दाणे तोंडात टाकले, बाकीचे खाली. 'रंग बरा हाय,' एकजण म्हणाला आणि पुढच्या मालाकडं गेला. विनू वाकून दाणे गोळा करायला लागला.

'ऱ्हाऊ दे,' आण्णा म्हणाले.

'आपलाच माल हाय की.'

'ऱ्हाऊ दे म्हटलं न्हवं.'

अडत्या लिहिता लिहिता थांबला. 'आण्णा, पोराच्या कानावर घातलं न्हाई का आजून?'

'काय घालायचं?' विनूनं वर बघितलं.

आण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. 'जा, तीन चहा सांग जा.'

'मला नको.'

'मग दोन सांग.'"

उधळण इथंही आहे. पण आता ती विनूला खाली वाकवण्यासाठी आहे. तो वाकला म्हणून आण्णांना बोलावं लागलं, ते बोलले म्हणून अडत्याचं लक्ष गेलं, आणि जे लपवायचं होतं त्याचं एक टोक बाहेर आलं. आण्णा स्वतःचा उधळलेला माल उचलू का देत नाहीत? कारण पैसे देणाऱ्या माणसापुढं लेकानं वाकलेलं त्यांना बघवत नाही. हे मी कुठंही लिहिलेलं नाही. वाचकाला ते कळेल, आणि स्वतःला कळलं म्हणून तो ते विसरणार नाही. 'आण्णांना वाईट वाटलं' हे वाक्य गेलं, तुटीचा हिशोबही गेला. तो हिशोब पुढं पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, हातात आल्यावर येऊ द्या, तेव्हा त्या आकड्यांचं दोघांनाही काही वाटेल.

दुसऱ्या निम्म्या उत्तरासाठी अडत्याकडं या. तुमचा अडत्या सोन्याच्या अंगठ्या घालतो, पान खातो, शेतकऱ्याकडं बघून हसतो. तो आला की वाचकाला काम उरत नाही. कादंबरी प्रचारकी होते ती उद्देश असल्यामुळं होत नाही, विरुद्ध बाजूच्या माणसाला लेखकानं न्याय नाकारला म्हणून होते. या माणसानं मार्चअखेरीला कागदावर सही न घेता, नुसत्या शब्दावर आण्णांना पैसे दिलेत. त्याचेही परगावच्या खरेदीदारांकडं अडकलेत. त्याला दारात येऊन बसावंसं वाटतं, पण आण्णांचं वय बघून तो येत नाही, फोनच करतो, तोही विनू घरी नसेल अशा वेळी. असा अडत्या लिहा. मग आण्णांना त्याच्यावर चिडायचीही सोय राहणार नाही, आणि पेच घट्ट होईल. उधळण आणि तूट यांतला अन्यायही मग जास्त दिसेल, कारण तो एका वाईट माणसाच्या खात्यावर टाकून मोकळं होता येणार नाही.

कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांच्या नावानं ओळखला जाणारा जुना वाद आहे. खांडेकर १८९८ मध्ये सांगलीतच जन्मले, त्यामुळं इथं त्या वादाला घरचं प्रेम आहे. संक्रांतीला औदुंबरच्या संमेलनात बसलात तर अजूनही कुणीतरी तो काढतो. वाद ऐकण्यासारखा आहे, पण लिहायला बसलेल्या माणसाला त्यातली एक बाजू घेऊन फारसं काही मिळत नाही. माझा कल विचाराल तर मी जीवनाच्या बाजूचा आहे. मला आपल्याच जिल्ह्यातल्या, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांचं उदाहरण जास्त उपयोगाचं वाटतं. 'फकिरा' १९५९ ची. कुणासाठी आणि कशासाठी लिहितोय याबद्दल त्या लेखकाच्या मनात जराही धूसरपणा नव्हता. तरीही ती कादंबरी वाचकाला धरून ठेवते, कारण तिथला उद्देश कृतीत उतरलाय. भुकेली माणसं समोर असताना फकिरा धान्य लुटतो. भूक आणि कायदा यांतलं काय मोठं, हा प्रश्न वाचकापुढं त्या कृतीनं उभा राहतो. तुमच्या आण्णांनीही काही तरी करावं लागेल. नुसतं सोसत राहणाऱ्या माणसावर दोनशे पानं पेलत नाहीत. लपवणं ही कृतीच आहे आणि ती रोज नव्यानं करावी लागते, हे तुम्ही ध्यानात घेतलंत तर आण्णा एकदम हालचाल करायला लागतील. फोन वाजला की अंगणात जाणारे, पोस्टमन येण्याआधी फाट्यावर जाऊन उभे राहणारे, सोसायटीच्या सचिवाला लेकाशी बोलू न देणारे आण्णा.

आईबद्दल मी मुद्दाम अजून बोललो नव्हतो. तुमच्या खर्ड्यात ती भाकरी करते, शेडवर बेदाणा निवडायला आलेल्या बायकांबरोबर बसते, देवाला दिवा लावते. तिला माहीत आहे का? तुम्ही हे ठरवलेलंच नाही असं वाचताना जाणवतं. ठरवल्याशिवाय पुढं जाऊ नका, कारण सगळी कादंबरी यावर फिरू शकते. समजा निवडणीला बसलेल्या एखाद्या बाईकडून तिला पहिल्या आठवड्यातच कळलंय. तीही बोलत नाही. नवरा लपवतोय हे ती लपवते. आता घरात दोन माणसं एकमेकांना जपायला गप्प आहेत आणि तिसरा, विनू, दोघांच्या गप्पपणाचा वेगळाच अर्थ लावून पुण्याला नोकरी शोधायला लागलाय. इथं तुम्हाला वेगळं संकट आणायची गरज उरत नाही. गारपीट नको, अपघात नको. निवडणीच्या बायकांचं बोलणं तुम्ही फार सुरेख लिहिलंय, सध्या ते नुसतं वातावरण म्हणून पडून आहे. आईला कळतं ते तिथंच कळू द्या.

'स्पष्ट' याबद्दल एक गैरसमज आहे. उद्देश लेखकाला स्पष्ट हवा. वाचकाला तो सांगून दाखवावा लागत नाही. कादंबरी मिटल्यावर चार वाचक चार वेगळी वाक्यं बोलतील. एक म्हणेल आण्णांनी सांगायला हवं होतं, दुसरी म्हणेल आईनंच तोंड उघडायला हवं होतं, तिसरा विनूला दोष देईल. चालेल. त्यांचं भांडण एकाच गोष्टीवर चाललंय एवढं झालं की तुमचं काम झालं. आज तुमचे वाचक वेगवेगळ्या गोष्टींवर बोलतायत: एकाला दुष्काळ आठवतो, एकाला पूर, एकाला फवारणी. त्यावरून कळतं की अजून कादंबरी जमलेली नाही.

शेवटाबद्दल थोडं कडक बोलतो. ग्रामसभेतलं विनूचं भाषण काढा. त्यात शेतीमालाचा भाव आहे, सरकारी धोरण आहे, ताकारी-म्हैसाळ सिंचन योजनांच्या पाण्याचं वाटप आहे, तरुणांनी गाव सोडू नये हेही आहे. ते लिहिताना तुमचा गळा भरून आला असेल, वाचताना ते जाणवतं. पण कर्ज लपवण्याचा पेच त्या भाषणात नाहीच. अख्ख्या कादंबरीनं विचारलेला प्रश्न एक आणि शेवटी दिलेलं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं, असं झालंय. तुमच्या वाक्याप्रमाणे शेवट दोनच प्रकारे होऊ शकतो: आण्णा सांगतात, किंवा सांगायची वेळ कायमची निघून जाते. कुठला शेवट घ्यायचा ते मी सांगणार नाही. सांगणार असतील तर कुठं सांगतात ते मात्र नीट निवडा. घरात जेवताना नको, ते आपल्याला फार ओळखीचं झालंय. बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांच्या रॅकखाली दोघं माल झाडत असताना, एकमेकांचं तोंड दिसत नसताना सांगणं आण्णांसारख्या माणसाला जमू शकेल. किंवा ज्या अडत्यापुढं विनू वाकला होता त्याच्याच पेढीवर.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी स्वतःचं एक वाक्य लिहा. मग प्रत्येक प्रकरणाला एक ओळ द्या: या प्रकरणाआधी घरातल्या कुणाला काय माहीत होतं आणि नंतर काय माहीत झालं. जिथं दोन्हीकडं तेच येईल ते प्रकरण एक तर दुसऱ्यात मिसळा किंवा बाजूला ठेवा. फाडू नका, तास-ए-गणेशवरचा मजकूर स्वतंत्र लेख म्हणून एखाद्या दिवाळी अंकाला नक्की देता येईल. नंतर त्या 'झालं'चा प्रसंग लिहा, जेवणाच्या ताटावरचा. तो आठ-दहा पानांचा झाला तरी होऊ द्या. तो हातात आल्याशिवाय बाकीच्या दुरुस्तीला लागू नका, कारण आण्णा खोटं बोलताना कसे दिसतात हे एकदा तुम्हाला कळलं की त्यांचा आवाज पुढच्या सगळ्या प्रकरणांत बदलणार आहे.

सौद्यांचा हंगाम चालू असेल तर एक दिवस यार्डात जाऊन नुसते उभे राहा. वही काढू नका. पट्टी हातात पडल्यावर माणसं ती कुठं ठेवतात ते बघा: कोण घडी करून टोपीत ठेवतो, कोण लेकाच्या हातात देतो, कोण तिथंच वाचतो. आण्णा काय करतील ते तुम्हाला तिथं सुचेल.

दुसरा खर्डा सगळा पाठवायची गरज नाही. जेवणाचा प्रसंग, आईला कळतं ते निवडणीचं प्रकरण आणि शेवटची दहा पानं पाठवा. ती वाचून पुन्हा लिहितो.